बंद शब्दकोशातला शब्द

#थ्रेड #इतिहास

१/१३
मराठीत ‘पाळत’ आहे, ‘टेहळणी’ आहे, हेर आहेत, खबरे आहेत. भिंतींनाही कान असतात, अशी म्हण आहे. हे सारे शब्द पाहणाऱ्याविषयी बोलतात. आपल्यावर कोणीतरी लपून नजर ठेवत आहे, या भीतीसाठी मात्र रूढ असा एक शब्द नाही. विसाव्या शतकातील जर्मन भाषेलाही हीच अडचण आली. तेथे त्या भीतीचे नाव शोधणाऱ्यांना अखेर काय सापडले आणि कोणाच्या कपाटात सापडले, याचा हा इतिहास.

२/१३
नाझी राजवटीत लोकांनी एक कुजबुजता विनोद रूढ केला होता : ‘डेर डॉइचे ब्लिक’, म्हणजे ‘जर्मन नजर’. काही बोलण्यापूर्वी मागे आणि आजूबाजूला झटकन पाहून घेण्याची ही सवय. हात उंचावून केल्या जाणाऱ्या हिटलरी सलामीस ‘जर्मन अभिवादन’ म्हणत; त्याचीच ही टर. शब्द चपखल होता, परंतु त्याने नाव दिले ते मानेच्या हालचालीला. मनातील भीती निनावीच राहिली.

३/१३
युद्धानंतर देश विभागला गेला. पूर्व जर्मनीत ८ फेब्रुवारी १९५० रोजी राज्य सुरक्षा मंत्रालय स्थापन झाले. हीच ‘स्टासी’. १९५७ पासून १९८९ पर्यंत एरिख मिल्के तिचे मंत्री होते. १९८९ साली सुमारे १ कोटी ६० लाख वस्तीच्या या देशात स्टासीचे सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते. त्यांखेरीज दीड लाखाहून अधिक ‘अनधिकृत सहकारी’ होते : शेजारी, वर्गमित्र, कचेरीतील सोबती.

४/१३
लोक स्टासीला ‘होर्ख उंड गुक’ म्हणत, म्हणजे ‘कान द्या आणि डोकावा’. कोणी नुसतेच ‘फर्म’ म्हणे. चेष्टेने भय थोडे हलके होत असे. पण येथेही नाव मिळाले ते पाहणाऱ्यालाच.

५/१३
सत्तरच्या दशकात पाळतीचे स्वरूप पालटले. १९७३ मध्ये पूर्व जर्मनी संयुक्त राष्ट्रांची सदस्य झाली. १ ऑगस्ट १९७५ रोजी तिने हेलसिंकी करारावर सही केली आणि मानवी हक्कांच्या आदराचे वचन जगासमोर दिले. पश्चिमेकडून मिळणारी मान्यता आणि व्यापार राज्यकर्त्यांना हवा होता. अशा वेळी विरोधकांना उघडपणे तुरुंगात डांबणे महाग पडू लागले.

६/१३
जानेवारी १९७६ मध्ये स्टासीने निर्देश क्रमांक १/७६ जारी केला. त्यात एका शब्दाला कार्यपद्धतीचा दर्जा मिळाला : ‘त्सेरझेत्सुंग’. अर्थ, विघटन. एखादा पदार्थ कुजून त्याचे घटक सुटे व्हावेत, तसे. या शब्दाला पूर्वेतिहासही होता. नाझी काळात ‘वेरक्राफ्टत्सेरझेत्सुंग’, म्हणजे युद्धाची शक्ती पोखरणे, हा गुन्हा होता आणि त्यासाठी अनेकांना देहदंड झाला. तेव्हा शासन नागरिकावर विघटनाचा आरोप ठेवत असे. आता नागरिकाचेच विघटन करणे हे शासनाचे काम ठरले.

७/१३
निर्देशात साधनांची यादीच होती. खऱ्या माहितीत खोटी पण पटण्याजोगी माहिती मिसळून माणसाची बदनामी करणे. नोकरीत आणि समाजात त्याच्या वाट्याला पद्धतशीरपणे अपयश आणून आत्मविश्वास खचवणे. मित्रमंडळात परस्परांविषयी संशय पेरणे. निनावी पत्रे. प्रत्यक्षात मजल घरात चोरून शिरून वस्तूंच्या जागा बदलून ठेवण्यापर्यंत गेली. चोरी काहीच नाही. फक्त जागा बदललेली.

८/१३
या पद्धतीचे खरे क्रौर्य भाषेच्या आश्रयाने लपले होते. ‘माझ्या घरात कोणी येऊन जाते, काही नेत नाही, टॉवेल मात्र दुसऱ्या खुंटीवर असतो,’ असे ज्याला सांगावे लागे, त्याच्यासाठी जर्मन भाषेत एकच तयार शब्द होता : ‘फेरफोल्गुंग्सवान’, म्हणजे कोणी मागावर असल्याचा भ्रम. हे रोगाचे नाव आहे. खरा अनुभव सांगताच माणूस वेडा ठरावा, अशी ती रचना होती. मग तो बोलेनासा होई. पुढे तर त्याचा स्वतःवरही विश्वास उरत नसे.

९/१३
स्टासीची स्वतःची विधी-विद्यापीठ म्हणवणारी संस्था पोट्सडाम येथे होती. अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी तेथे एक गुप्त शब्दकोश तयार झाला. त्याच्या १९८५ च्या आवृत्तीत त्सेरझेत्सुंगची व्यवस्थित व्याख्या आहे. म्हणजे ज्या अनुभवाला बळी पडलेल्यांकडे शब्द नव्हता, त्याची नोंद वर्णानुक्रमाने लावून ठेवलेली होती. फक्त तो कोश कुलपात होता.

१०/१३
युर्गन फुक्स हे लेखक येना येथे सामाजिक मानसशास्त्र शिकलेले. गायक वोल्फ बिअरमान यांचे नागरिकत्व काढून घेतल्याचा निषेध झाला, तेव्हा नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. सुमारे नऊ महिन्यांच्या कैदेनंतर त्यांना पश्चिम बर्लिनला घालवून देण्यात आले. पण सीमेपलीकडेही पिच्छा सुटला नाही. रात्री-अपरात्री फोन वाजत. त्यांनी न मागवलेल्या टॅक्सी दारात येऊन उभ्या राहत.

११/१३
१५ जानेवारी १९९० रोजी निदर्शक बर्लिनमधील स्टासी मुख्यालयात शिरले. आत सापडलेल्या आणि पुढे एकत्र केलेल्या कागदपत्रांची लांबी शंभर किलोमीटरहून अधिक भरली. २ जानेवारी १९९२ पासून नागरिकांना स्वतःची फाइल वाचता येऊ लागली. शांतता चळवळीतील फेरा वोलेनबर्गर यांना कळले की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने त्यांच्याविषयी अहवाल देणारा माणूस त्यांचा पतीच होता. अनेकांनी याच कागदांत त्सेरझेत्सुंग हा शब्द आपल्या संदर्भात प्रथमच वाचला. आपण भ्रमिष्ट नव्हतो, याचा लेखी पुरावा त्यांना छळणाऱ्यांच्याच टंकलेखनात मिळाला.

१२/१३
फुक्स यांनी पुढे या फायली सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात काम केले. १९९४ मध्ये त्यांनी या विघटनतंत्रावर एक अभ्यास लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘भीतीचा वापर करून’ असा होतो. स्टासीचा शब्दकोश १९९६ साली पुस्तकरूपाने सर्वांपुढे आला. २०१९ मध्ये जर्मन कायद्याने विघटन-कारवायांच्या बळींना एकरकमी १५०० युरो देण्याची तरतूद केली. रक्कम लहान होती. पण ज्या शब्दाने माणसे मोडली, तोच आता त्यांच्या बाजूने कायद्यात आला.

१३/१३
या भीतीला स्वतंत्र नाव जर्मन भाषेतही मिळाले नाही. मिळाले ते भीती घडवणाऱ्या कृत्याचे नाव, आणि तेच अधिक उपयोगी ठरले. नुसत्या भीतीला नाव दिले की दोष भिणाऱ्याच्या मनात शोधला जातो. कृत्याला नाव दिले की कर्ता कोण, हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच राज्यसत्तेने एखादा शब्द कुलपात ठेवला असेल, तर ती किल्ली शोधणे हेही इतिहासाचे काम आहे.

(समाप्त)