वाडी हेक्टरात मावत नाही

खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून मी सध्या पर्माकल्चरचे व्हिडिओ बघतोय. 10 गुंठे घ्यायचे आणि फळझाडं, वेली लावायच्या, असा बेत आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी 1978 साली ऑस्ट्रेलियात पर्माकल्चरवर पुस्तक काढलं. मूळ कल्पना सोपी: जंगलासारखे झाडांचे थर रचा.

पण हे थर आपल्याच रायगड जिल्ह्यात कितीतरी आधीपासून आहेत. अलिबाग-चौलच्या किनारपट्टीला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळ-सुपारीची वाडी. सगळ्यात वर नारळ, खाली सुपारी, सुपारीच्या खोडावर मिरीची किंवा विड्याच्या पानाची वेल, मग केळी, जायफळ, आणि जमिनीलगत हळद, अळू. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा, पाणी पाटाने फिरायचं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर केले. आता हिशोब करा. हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे. म्हणजे 10 गुंठ्यांच्या वाडीला 5 हजार! आणि नवी सुपारी धरायलाच पाच-सात वर्षं जातात.

बागायतदार म्हणाले, जमीन नको, झाडं मोजा. पुढे तसं ठरलं: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. रक्कम छोटीच, पण मोजमाप बदललं.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलमध्ये क्षेत्रफळाचा एकच कॉलम होता, उंचीचा नव्हताच. माझ्या 10 गुंठ्यांच्या शीटमध्ये पहिला कॉलम झाडांचा आहे.

भेटू पुढच्या भागात!