म्हैसूरचा बँड आणि वर्णनपर संगीत

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानाच्या संग्रहातील जी लूट विजेत्यांच्या हाती लागली, तीत एक चमत्कारिक वस्तू होती. ती म्हणजे जवळजवळ खऱ्या आकाराचा एक लाकडी वाघ. एका गोऱ्या माणसाला खाली पाडून तो त्याचा गळा धरून बसला आहे. बाजूची मूठ फिरविली की वाघाच्या पोटातील भाता हलू लागतो, नळ्यांतून वारा वाहतो, खालचा माणूस हात वरखाली करीत विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. वाघाच्या कुशीत अठरा पट्ट्यांचे एक लहानसे वाद्यही बसविलेले आहे. ही वस्तू पुढे लंडनला गेली. तेथे १८०८ पासून ती लोकांना दाखविण्यात येऊ लागली, आणि आज ती व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

इतिहासकारांनी या वाघात टिपूचा इंग्रजद्वेष पाहिला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु संगीताच्या अभ्यासकाला त्यात आणखीही एक गोष्ट दिसावी. नळ्यांत वारा फुंकून एखादा प्रसंग कानांपुढे उभा करावयाचा, हाच त्या यंत्राचा उद्देश आहे. शब्द नाहीत, गाणे नाही. केवळ वाऱ्याने केलेले वर्णन. सुषिर वाद्यांच्या वर्णनपर संगीताचा हा एक अत्यंत प्राथमिक, किंबहुना रानटी म्हणावा असा नमुना होय. ज्या भूमीत हा वाघ गुरगुरला, त्याच भूमीत पुढे दीडशे वर्षांत सुषिर वाद्यांचा एक भव्य वृंद वाढीस लागला. त्याने वर्णन केले ते निराळ्या रीतीने. ती रीत कोणती, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या प्राचीन संगीतशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले आहेत. युरोपीय बँडमध्ये यांतील पहिला वर्ग जवळजवळ नसतो. क्लॅरिनेट, ओबो, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही सारी सुषिर वाद्ये. त्यांच्या साथीला ढोल आणि झांजा. यांतील मोठा ढोल आणि झांजा अठराव्या शतकात युरोपच्या फौजांनी तुर्कांकडून उचलल्या. उघड्यावर वाजावयाचे, चालता चालता वाजावयाचे आणि हजारोंना ऐकू जावयाचे, हा या वृंदाचा जन्मधर्म. त्यामुळे जो प्रसंग त्याने रंगवावयाचा, तोही बहुधा रणांगणातला किंवा मिरवणुकीतला असे.

त्या काळच्या युरोपात रणसंगीताचे मोठे वेड होते. कोत्स्वारा नावाच्या चेक संगीतकाराने १७८८ च्या सुमारास ‘प्रागची लढाई’ ही रचना केली. ती मुळात पियानो आणि त्याच्या साथीच्या वाद्यांसाठी होती. पण तोफांचे आवाज, तुताऱ्यांचे इशारे, एवढेच नव्हे तर जखमींचे विव्हळणेही स्वरलिपीवर नावानिशी लिहिलेले होते. प्रत्यक्ष बेथोव्हेननेही १८१३ मध्ये वेलिंग्टनच्या विजयाचे चित्र काढले, आणि ते मुळात मेल्त्सेल नावाच्या यंत्रज्ञाच्या वाजणाऱ्या यंत्रासाठी योजिले होते. टिपूचा वाघ आणि मेल्त्सेलचे यंत्र यांत कारागिरीचे अंतर फार आहे. परंतु कल्पना एकाच कुळातली आहे. आवाजाची नक्कल केली की प्रसंगाचे वर्णन झाले, अशी ती कल्पना.

या कल्पनेला पहिला मोठा छेद दिला तो बर्लिओझने. १८३० च्या क्रांतीत पॅरिसमध्ये जे लोक मारले गेले, त्यांचे अवशेष २८ जुलै १८४० रोजी समारंभपूर्वक बास्तीलच्या स्तंभाखाली नेण्यात आले. त्या मिरवणुकीसाठी बर्लिओझने सुमारे दोनशे वादकांच्या लष्करी वृंदाकरिता एक भव्य शोकगौरवपर सिंफनी रचली. तीत तोफ नाही की विव्हळणे नाही. दुसऱ्या भागात एकटा ट्रॉम्बोन वक्त्याप्रमाणे जणू मृतांवरचे भाषण करतो. अखेरचा भाग चालू असतानाच राष्ट्रीय संरक्षक दलाच्या तुकड्या नगारे वाजवीत निघाल्या आणि त्या गदारोळात आपले संगीत बुडून गेले, असे बर्लिओझने पुढे मोठ्या विषादाने लिहून ठेवले आहे. बँडचे हे दुहेरी भाग्य होय. त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही असते, पण ज्या मिरवणुकीसाठी त्याला बोलावलेले असते, तीच त्याचा आवाज गिळून टाकते.

बँड हिंदुस्थानात आला तो इंग्रजी आणि फ्रेंच पलटणींबरोबर. पण येथे तो केवळ छावणीत राहिला नाही. दक्षिणेतील दरबारांनी त्याला आत घेतले, आणि या कामी अग्रेसर होता तो एक मराठी राजा. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्ट्‌झ या पाद्रीच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झालेले होते. त्यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला, आणि त्या संगीताच्या स्वरलिप्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. याच महाराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेल्या मराठी कोरवै आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या ठिकाणी नवे आणि जुने यांचा कसा सहवास होता हे कळून येते. त्याच सुमारास मुत्तुस्वामी दीक्षितरांनी मद्रासेकडे इंग्रजांचा बँड ऐकला आणि त्याच्या चालींवर देवस्तुतीची संस्कृत पदे बसविली. इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवर त्यांचे ‘संततं पाहि माम्’ हे पद आहे. ही पदे ‘नोट्टुस्वर’ या नावाने ओळखली जातात, आणि ती बहुतेक शंकराभरण रागात मोडतात. कारण उघड आहे: शंकराभरणाचे सात स्वर आणि बँडवाल्यांचे मोठे सप्तक ही जवळजवळ एकच आहेत. दोन संगीतांमधली ही एकच उघडी खिडकी होती असे म्हटले तरी चालेल.

म्हैसूरला हा वारसा अनेक वाटांनी मिळाला. तंजावरच्या कलावंतांचे म्हैसूरला जाणे-येणे होते. उत्तरेकडून आलेल्या मौलाबक्षांचा गौरव तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी केला. हेच मौलाबक्ष पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळेचे प्रमुख झाले, आणि गाणे कागदावर उतरवून शिकविण्याचा आग्रह त्यांनी धरला. बँडला हा कागद हवाच असतो. वीस वादकांनी एकाच क्षणी एकच गोष्ट म्हणावयाची, तर ती लिहिलेली पाहिजे.

१८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य इंग्रजांकडून पुन्हा वडियार घराण्याकडे आले आणि चामराजेंद्र गादीवर बसले. बसवप्पाशास्त्री यांनी रचलेले ‘कायौ श्री गौरी’ हे संस्थानाचे गीत झाले. त्याचा राग धीरशंकराभरण. म्हणजे तीच उघडी खिडकी. इंग्रजी वाद्यांनी ते सहज उचलले. पुढे नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत राजवाड्यातील वाद्यवृंद खरोखर नावारूपास आले. महाराज स्वतः वीणा, व्हायोलिन, पियानो, सॅक्सोफोन अशी अनेक वाद्ये जाणणारे होते. पाश्चात्त्य वृंदाचे नेतृत्व ऑटो श्मिट या जर्मन संगीतकाराकडे होते, तर वीणा वेंकटगिरियप्पांसारखे विद्वान कर्नाटक संगीताच्या बाजूने वाद्यवृंदासाठी लिहीत होते. ‘नगमा’ या नावाच्या त्यांच्या वाद्यरचना म्हणजे वृंदाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली स्वतंत्र निर्मिती होय. एकाच राजवाड्यात एक इंग्रजी आणि एक कर्नाटक असे दोन बँड नांदले.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. कर्नाटक संगीताचा प्राण गमकात आहे. तेथे स्वर हा एका ठिकाणी उभा राहत नाही. तो झुलतो, घसरतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येतो. क्लॅरिनेटच्या किंवा सॅक्सोफोनच्या किल्ल्या मात्र प्रत्येक स्वराला त्याची खोली नेमून देतात. मग अशा वाद्यांवर तोडी किंवा भैरवी वाजविली तर रागाचे चित्र उमटेल की केवळ त्याची रेषाकृती? म्हैसूरच्या वादकांनी या प्रश्नाला ओठ, श्वास आणि अर्धवट दाबलेली किल्ली यांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला. हे उत्तर प्रत्येक रागात सारखे यशस्वी होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रश्न टाळून त्यांनी केवळ शंकराभरणाच्या खिडकीतच बसून राहणे पत्करले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

त्याच काळात इंग्लंडच्या बागांतून आणि उपाहारगृहांतून पूर्वेचे वर्णन मोठ्या थाटाने चालले होते. केटेल्बीची १९२० मधील ‘इराणी बाजारात’ ही रचना घ्यावी. ती वाद्यवृंदासाठी लिहिलेली, पण बँडवाल्यांच्या हाती पडून फार लोकप्रिय झालेली. उंटवाले येतात, भिकारी बक्षीस मागतात, राजकन्या येते, गारुडी खेळ करतो, खलिफाची स्वारी जाते आणि बाजार ओस पडतो. हे सर्व संगीतकाराने छापून दिलेले होते. श्रोत्याने कागद वाचावा आणि चित्र पाहावे. कारागिरी सुरेख, पण त्या बाजारातला मनुष्य तेथे बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते.

साहित्यशास्त्रातील परिभाषा वापरावयाची तर वाघाची डरकाळी हा वाच्यार्थ; छापील कागदाच्या आधाराने समजणारा बाजार हा लक्ष्यार्थाजवळ जाणारा; परंतु आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा म्हणून ज्याला गौरविले, तो ध्वनी किंवा व्यंग्यार्थ यांच्यापलीकडचा आहे. विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरचा बँड चामुंडेश्वरीच्या स्तुतीची कृती वाजवितो, तेव्हा तो ना टेकडीची नक्कल करतो, ना देवळातल्या घंटेची. मुत्तय्या भागवतरांनी नाल्वडी महाराजांच्या इच्छेवरून चामुंडेश्वरीवर अष्टोत्तरशत कन्नड कृती रचल्या. त्या परंपरेतील एखादी ओळ शब्दांवाचून कॉर्नेटवर उमटली की ऐकणाऱ्याच्या मनात टेकडी, देवी, दसरा आणि आपले बालपण ही सारी एकदम जागी होतात. वर्णन स्वरात नसते; ते ऐकणाऱ्याच्या स्मरणात असते आणि स्वर त्याला केवळ हाक मारतो.

हे केवळ म्हैसूरचे वैशिष्ट्य नव्हे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरले. मूळचा प्रागचा, पण अमेरिकेत स्थायिक झालेला कारेल हुसा याने त्या दुःखातून बँडसाठी ‘प्राग १९६८ साठी संगीत’ ही रचना केली, आणि ती १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रथम वाजली. तीत घंटा आहेत, पिकोलोवर पाखराची हाक आहे, एक संपूर्ण भाग केवळ आघातवाद्यांचा आहे; पण तिचा कणा म्हणजे पंधराव्या शतकातील हुसपंथीयांचे युद्धस्तोत्र. ते स्तोत्र प्रत्येक चेक माणसाला ठाऊक आहे. कोत्स्वाराच्या प्रागमध्ये तोफा होत्या, हुसाच्या प्रागमध्ये स्मृती आहे. पावणेदोनशे वर्षांत या संगीतप्रकाराने केलेला प्रवास याहून थोडक्यात सांगता यावयाचा नाही.

म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार हे या दोन्ही तीरांवरचे रहिवासी होते. त्यांनी कर्नाटक पद्धतीच्या ९४ कृती रचल्या, आणि दुसरीकडे रशियन संगीतकार मेट्‌नर याच्या रचना ध्वनिमुद्रित करण्यासाठी पैसा पुरविला. मेट्‌नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केला आहे. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिखार्ड श्ट्राउस याची अखेरची चार गीते प्रथम गायिली गेली, तीही म्हैसूरच्या द्रव्यसाहाय्याने. त्यांतील संध्याकाळच्या गीतात दोन चंडोल आकाशात उडतात, आणि ते पंख फडफडवितात ते बासऱ्यांच्या कंपनातून. त्या वर्षी म्हैसूरचे संस्थान म्हणून अस्तित्व संपलेले होते. दरबार मावळत असता त्याने दूरच्या एका संगीतकाराची संध्याकाळ ऐकविली, हा योग मनाला चटका लावून जातो.

दरबार गेला की दरबारी कलाही जाते, असा आपला नेहमीचा अनुभव. म्हैसूरच्या बँडच्या बाबतीत तसे झाले नाही. तो पोलीस खात्याकडे आला, आणि आजही इंग्रजी व कर्नाटक अशी दोन्ही अंगे सांभाळून दसऱ्यात वाजतो. अंबारीत आता महाराजांच्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती असते. वादक नोकरीत लागतात, निवृत्त होतात. खात्याच्या हिशेबात ते शिपाई आणि हवालदार असतात. परंतु त्यांच्या पिशवीतल्या कागदांवर जे लिहिलेले आहे, ते वाजविणारे दुसरे कोणी नाही. ते थांबले तर ते कागद मुके होतील, हे त्यांच्या वरिष्ठांनी आणि नागरिकांनी विसरू नये.

आणि त्या वाद्यांनी दिलेली हाक व्यर्थ गेली नाही, याची एक साक्षही आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील एका नादस्वरवादकाच्या मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्या वाद्याचा ध्यास घेतला. तो मुलगा म्हणजे कद्री गोपालनाथ. जे वाद्य बेल्जियमच्या आडोल्फ साक्सने बनविले आणि फ्रेंच फौजेने आपलेसे केले, त्यात फेरफार करून, अनेक वर्षे खपून, त्यांनी त्याच्यावर गमक आणिले. राजवाड्याच्या वादकांना जे अर्धे साधले होते, ते येथे पुरे झाले. १९९४ मध्ये ते त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, तेथल्या प्रख्यात संगीतमहोत्सवात वाजविण्यासाठी उभे राहिले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

टिपूचा वाघ त्या सभागृहापासून फार दूर नाही. म्हैसूरच्या वाऱ्याने लंडनला जाऊन प्रथम डरकाळी फोडली होती, ती लूट म्हणून. दोन शतकांनंतर तोच वारा तेथे राग होऊन गेला, तो पाहुणा म्हणून.