दर्या, दऱ्या आणि पडद्यावरची मराठी

 दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या असतात डोंगरांमध्ये. मस्कतला दोन्ही हाकेच्या अंतरावर. लिहिताना फरक एका 'र'चा. एका शब्दात तो रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हा फरक संगणकाच्या पडद्यावर नीट उमटावा म्हणून अनेकांनी अनेक वर्षं खपून काम केलं. आजची गोष्ट त्याचीच, म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप आपल्या मनाजोगता करण्याच्या इतिहासाची.

सुरुवात लिनक्सच्याही आधीची. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत 'एक्स विंडो' प्रणाली तयार झाली. पडद्यावर खिडक्या काढायचं काम तिचं. पण त्या कशा दिसाव्यात, कशा हलाव्यात हे ठरवणं तिच्या कर्त्यांनी मुद्दाम दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलं. घर बांधून द्यायचं, पण रंग आणि सामान राहणाऱ्यानं ठरवायचं, तसं. १९९१ मध्ये लिनक्स आलं आणि ही मोकळीक त्याच्याही वाट्याला आली. पुढे १९९६ मध्ये जर्मनीत माथियास एट्रिशनं केडीई, तर १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा प्रकल्प सुरू केला.

आता भिंतीवरचं चित्र, बटणांचा रंग, पट्टीची जागा, सगळं बदलता येऊ लागलं. मराठी मात्र अडली होती. त्या काळी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टचा हिशेब वेगळा. एका संगणकावर लिहिलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं, की नुसती चिन्हांची खिचडी. १९९१ मध्येच युनिकोडनं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक दिला, पण तेवढ्यानं भागत नाही. 'कि' लिहिताना आधी 'क' टंकायचा, मग वेलांटी. दिसायला मात्र वेलांटी आधी हवी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. ही मांडणी करणारा 'पँगो' नावाचा भाग २००२ च्या ग्नोम २ मध्ये आला. नाव गंमतशीर आहे. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा.

भारतात 'इंडलिनक्स'च्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतल्या डेस्कटॉपचं काम हाती घेतलं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्यावर खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून आणि घरोघरच्या संगणकांवरून मराठी भाषांतराची वाक्यं येत गेली. मेनूतला एकेक शब्द, चुकीची सूचना देणारं एकेक वाक्य कुणीतरी बसून मराठीत लिहिलेलं आहे.

मोकळीक किती खरी, याची परीक्षा २०११ मध्ये झाली. ग्नोम ३ आलं आणि जुना मेनू, जुनी पट्टी गेली. सवयीचं घर एका रात्रीत बदलल्यासारखं पुष्कळांना वाटलं. पण कोड खुला होता. जुनं ग्नोम पुढे चालवण्यासाठी अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं 'माटे' सुरू केलं, तर लिनक्स मिंटनं 'सिनॅमन' घडवलं. कुणाला नवं आवडलं, कुणी जुन्यातच राहिलं, आणि कुणाचंच अडलं नाही.

आपल्या ओमानलाही हा विषय परका नाही. २०१३ मध्ये सुल्तान काबूस विद्यापीठात मुक्त सॉफ्टवेअरवर परिषद भरली होती. त्याच वर्षी १ मेपासून इथली आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाली, आणि कॅलेंडरंही बदलावी लागली. अशा गोष्टींसाठी लिनक्समध्ये 'लोकेल' असतं. देश आणि भाषा यांच्या रीतिभातींची ती वहीच. अरबी निवडलं की पडदा आरशात पाहिल्यासारखा उलटतो आणि मेनू उजवीकडून सुरू होतो. मराठी निवडलं की आकडे लाख-कोटींच्या पद्धतीनं मांडता येतात. एका रियालच्या हजार बैसा, म्हणून इथल्या पैशांना दशांशानंतर तीन स्थळं लागतात. केडीईत भाषा, तारीख आणि चलन वेगवेगळं निवडता येतं. म्हणजे मेनू मराठी, पैसे ओमानचे, आणि घड्याळात मस्कतशेजारी दीड तास पुढची भारतीय वेळ. परदेशातल्या मराठी घराचा कारभार तरी याहून वेगळा कुठे असतो?

मात्र एक लक्षात घ्यायला हवं. नवी आवृत्ती आली की नवी वाक्यं येतात, आणि भाषांतर करणारे हात मोजके. जे राहून जातं ते इंग्रजीत दिसतं. वापरणारेच उरले नाहीत, तर भाषांतर करणाऱ्यांनी तरी कुणासाठी बसावं? म्हणून एक सुचवतो. घरातल्या एकाच संगणकावर प्रत्येकाचं खातं वेगळं करता येतं. मुलांचं इंग्रजीत असलं तर असू द्या. सुट्टीत आजी येईल, तेव्हा तिचं मराठीत उघडा आणि नातवंडांना शेजारी बसवा. आजी मेनू वाचेल, नातवंडं माउस धरतील. एखादा शब्द खटकला, तर तो सुधारून पाठवायची सोयही आहेच; हे दार कुणालाच बंद नाही.