विक्रांतच्या नावाने पाठवलेली तार

कळंब्याच्या तलावाकाठी वाढलेल्या आपल्याला समुद्राचं काय, असं वर्गमित्र म्हणतील. पण १९७१ सालची ही हकिकत मला माझ्या कामाच्या फार जवळची वाटते. आम्ही सॉफ्टवेअरवाले खोट्या संदेशांपासून यंत्रणा वाचवतो. तिथे खोट्या संदेशांनीच एक जहाज वाचवलं.

'आयएनएस विक्रांत' ही तेव्हाची आपली एकमेव विमानवाहू नौका. विमान उडवताना अशा नौकेला वाऱ्याकडे तोंड करून जोरात धावावं लागतं, आणि विक्रांतच्या तर एका बॉयलरला तडे गेलेले. तरीही कमी वेगानिशी तिला बंगालच्या उपसागरात धाडलं. तिच्या मागावर पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली. एवढा लांबचा पल्ला गाठू शकणारी त्यांच्याकडे ही एकच.

व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानात लपवलं आणि 'राजपूत' ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमबाहेर विक्रांतचं सोंग घेऊन उभी केली. तिच्यावरून बिनतारी संदेशांचा भडिमार सुरू झाला. गावातल्या ठेकेदारांकडे मटण-भाजीच्या मोठ्या मागण्या गेल्या, म्हणजे बाजारात बोलबाला व्हावा. सगळ्यात कमाल म्हणजे विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने, आजारी आईची चौकशी करणारी साधी, उघडी तार! सांकेतिक संदेशापेक्षा असल्या घरगुती गोष्टीवर माणूस पटकन विश्वास ठेवतो.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीच बुडाली. राजपूतच्या डेप्थ चार्जमुळे की आतल्याच स्फोटामुळे, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. माझ्या मते ती तिथे आली, इथेच डाव संपला होता. ४ तारखेला विक्रांतची सी हॉक विमानं कॉक्स बझारवर होती.

पण गाझीत नव्वदहून जास्त माणसं होती, आणि पाच दिवसांनी आपलीही पाळी आली. पाणबुड्यांच्या शोधात निघालेल्या 'खुखरी'ला ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' पाणबुडीने टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही.

दीवला सहलीला गेलात तर तिथलं खुखरी स्मारक जरूर बघा. काचेच्या पेटीत तिची छोटी प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर तोच समुद्र आहे.