मोटर न्यूरॉन आजारातील श्वसनसेवा (अमरावती-अकोला)

स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी झिजत जाणारा हा आजार. त्याच्या प्रमुख प्रकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९मध्ये केले. हातापायांबरोबर श्वासपटलही दुबळे होते आणि बहुतेक रुग्ण श्वास थकूनच जातात. फुप्फुसे मात्र सहसा धडधाकट असतात. उपचार ठरतो तो यावरूनच.

त्रास रात्री सुरू होतो. आडवे होताच पोटाचा भार श्वासपटलावर येतो. ‘झोपलं की जीव घाबरते,’ असे वऱ्हाडात सांगतात. उशाला एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात. सकाळी डोके ठणकते, दिवसा पेंग येते. अशक्तपणा किंवा दमा समजण्यात महिने निघून जातात. बसून आणि निजून अशी दोनदा स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी) केली तर दुबळेपणा लवकर पकडता येतो.

मुख्य आधार बायपॅपचा. हे यंत्र मास्कमधून हवा आत ढकलते. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या २००६च्या चाचणीत, गिळण्या-बोलण्याचे स्नायू फारसे बिघडले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य याने मध्यकाने २०५ दिवसांनी वाढले. रिलुझोल या गोळीने दोन-तीन महिनेच वाढते. घाबरून घरी आणलेला नुसता ऑक्सिजन सिलिंडर घातक ठरू शकतो. श्वास उथळच राहतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रुग्ण गुंगीत जातो. कफासाठी अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, श्वासावर श्वास भरून, खोकताना बरगड्यांखाली हाताने दाब देतात. घरच्यांना हे शिकता येते.

अकोल्यात २००२पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. तरी अनेक कुटुंबे नागपूर गाठतात. अमरावतीहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. खरी कसोटी घरी असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, घामाने मास्क सरकतो, नाकाच्या हाडावर व्रण पडतो, आणि तेवढ्यात लाईन जाते. म्हणून बायपॅपसोबत इन्व्हर्टर आणि हाताशी अँबू बॅग हवीच.

पुढे गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावता येतो, पण मग घरात अष्टौप्रहर माणूस लागतो. व्हेंटिलेटर नको असल्यास तसे लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. २०२३पासून त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरीची साक्ष पुरते. धाप कमी करायला मॉर्फीनची लहान मात्रा देतात. व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्णाला बोलता येते तोवरच विचारून घ्यावे.