पंचावन्न मैलांचा हिशेब

त्रैराशिक हा शाळकरी मुलांचा जितका नावडता, तितकाच संसारांत पदोपदीं लागणारा हिशेब आहे. ताशीं ५५ मैल वेगानें दहा तासांत ५५० मैल कापले जातात, तर ताशीं ६५ मैल वेगानें किती? उत्तर सोपें आहे : ६५०. ज्या ट्रकचालकाची कमाई मैलांवर मोजली जाते, त्याच्या घरची चूल या जास्तीच्या शंभर मैलांवर पेटत असते. परंतु निसर्गाचा हिशेब त्रैराशिकानें चालत नाहीं. आज जी हकीकत मी सांगणार आहें, ती या दोन हिशेबांच्या झगड्याची आहे. तो झगडा १९७३ व १९७४ या सालीं अमेरिकेच्या राजरस्त्यांवर उघड्यावर खेळला गेला.

प्रथम निसर्गाचा हिशेब पाहूं. धांवणाऱ्या वाहनाला समोरची हवा बाजूस सारावी लागते, आणि हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ५५ वरून ६५ वर गेल्यास वेग शेंकडा १८ वाढतो; विरोध मात्र सुमारें शेंकडा ४० वाढतो. ट्रक म्हणजे तर चाकांवर ठेवलेली चौकोनी पेटीच. तिच्या पुढें हवा भिंतीसारखी उभी राहते. आतां थांबण्याचा विचार करूं. वाहनाच्या अंगची गतिशक्तीहि वेगाच्या वर्गानेंच वाढते. त्यामुळें ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतरहि त्याच सुमारें शेंकडा ४० नें लांबतें. तेलाचा आणि जिवाचा, असे दोन्ही हिशेब एकाच वर्गाच्या नियमांत बांधलेले आहेत. वेळ वाचतो तो त्रैराशिकानें. किंमत द्यावी लागते ती वर्गानें.

अमेरिकेनें हा धडा पूर्वीं एकदां गिरविला होता. १९४२ सालीं जपाननें मलाया व डच ईस्ट इंडीज हे प्रदेश जिंकले आणि रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. बर्नार्ड बरूक यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत सल्ला दिला, कीं देशभर वेगाची मर्यादा ताशीं ३५ मैल करावी व पेट्रोलचें रेशनिंग सुरू करावें. यांत मुख्य उद्देश टायर वांचविण्याचा होता. लोकांनीं तें युद्धकर्तव्य म्हणून पत्करलें, आणि १९४५ मध्यें युद्ध संपतांच ती मर्यादाहि गेली.

पुढें १९७३ च्या ऑक्टोबरांत इस्रायल व अरब राष्ट्रें यांच्यांत युद्ध पेटलें, आणि अरब तेलउत्पादकांनीं अमेरिकेला तेल देणें बंद केलें. २५ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं राष्ट्रापुढें योजना मांडली : खासगी मोटारींनीं ताशीं ५० मैलांवर, तर ट्रक व बसगाड्यांनीं ५५ मैलांवर जाऊं नये.

या वेळीं मात्र चालक खवळले. त्यांतील पुष्कळजण स्वतःच्या एकेका ट्रकचे मालक होते. ट्रकचे हप्ते ठरलेले, मालाचें भाडें ठरलेलें, दिवसांत गाडी हांकण्याच्या तासांनाहि कायद्याची मर्यादा. आणि डिझेलचा भाव मात्र झपाट्यानें चढत होता. पंपावर मागितलें तेवढें तेल मिळेना. त्यांतच वेग कमी करावयाचा, म्हणजे दिवसाची मजल तोकडी व्हावयाची. आमच्या गाड्यांचे गिअर अधिक वेगासाठींच बसविलेले आहेत, असेंहि कित्येकांचें म्हणणें होतें. डिसेंबरच्या आरंभीं पेन्सिल्व्हेनिया, ओहायो वगैरे राज्यांत त्यांनीं राजरस्त्यांवर ट्रक आडवे लावून वाहतूक रोखली. ओहायोंत तर नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. ‘सिटिझन्स बँड’ या लहानशा बिनतारी यंत्रावरून ते एकमेकांना निरोप देत. तेल कोठें मिळतें आणि पोलीस कोठें उभे आहेत, या दोन्ही बातम्या त्याच यंत्रावरून फिरत.

२ जानेवारी १९७४ रोजीं निक्सन यांनीं कायद्यावर सही केली, आणि सर्व वाहनांना ५५ मैलांची एकच मर्यादा ठरली. जें राज्य ती पाळणार नाहीं, त्याचें रस्त्यांचें अनुदान धोक्यांत येणार होतें. त्याच महिन्याच्या अखेरीस स्वतंत्र ट्रकचालकांचा संप सुरू झाला. दगडफेक झाली, गोळ्या झाडल्या गेल्या, कांहीं चालकांना प्राणासहि मुकावें लागलें. फेब्रुवारींत भाड्यावर शेंकडा ६ चा इंधन-अधिभार घेण्याची परवानगी मिळाली, तेव्हां कोठें संप ओसरला. वेगाची मर्यादा एका मैलानेंहि वाढली नव्हती; वाढलें होतें तें भाडें. चालकांच्या संतापाचें मूळ कोठें होतें, तें यावरून उमगतें.

कायद्याचें फळ काय मिळालें? १९७३ सालीं अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारें ५४,००० माणसें मेलीं. १९७४ सालीं सुमारें ४५,०००. हें सर्व श्रेय मर्यादेला देतां येणार नाहीं, कारण तेलाच्या टंचाईमुळें प्रवासहि कमी झाला होता. तरीहि तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९८४ च्या अहवालांत, या मर्यादेमुळें वर्षाकाठीं दोन ते चार हजार जीव वांचतात, असा अंदाज दिला. तेल स्वस्त झालें तसा लोकांचा धीर सुटला. १९८७ सालीं खेड्यापाड्यांतील महामार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली, आणि १९९५ च्या अखेरीस देशव्यापी मर्यादा रद्द झाली.

परंतु तो आंकडा मेला नाहीं. युरोपांत १९९४ पासून नव्या अवजड मालट्रकना वेगनियंत्रक बसविणें सक्तीचें झालें. त्याची मर्यादा ताशीं ९० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ५६ मैल! अमेरिकेंतील अनेक वाहतूक कंपन्यांनीं कायद्याची वाट न पाहतां आपल्या गाड्यांना असे नियंत्रक बसविले, कारण डिझेलचें बिल त्यांनाच भरावें लागतें. भारतांतहि २०१५ मध्यें नव्या मालवाहू गाड्यांसाठीं ताशीं ८० किलोमीटरच्या वेगनियंत्रकाची सक्ती झाली.

श्रोतेहो, ‘अति घाई संकटांत नेई’ ही पाटी आपल्याकडे घाटाघाटांत दिसते. पण ती घाई नेहमीं चालकाचीच असते काय? भाडें ठरविणारा व्यापारी, माल वेळेवर हवा म्हणणारा दुकानदार, आणि आज मागविलेली वस्तु उद्यां दारांत हवी असें म्हणणारे आपण, या सर्वांची घाई त्या एका माणसाच्या पायांत उतरते. यंत्राला नियंत्रक बसविणें सोपें आहे. चालकाला संथ चालणें परवडेल असें भाडें देणें हें त्याहून कठीण, आणि तितकेंच आवश्यक आहे. १९७४ च्या संपाचा निकाल मैलांत लागला नाहीं, भाड्यांत लागला, हें आपण ध्यानांत ठेवावें.