तळटीप : कोंडिवट्याची पडकी इगर्जी

२३. 'इगर्जी' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, अर्थ चर्च. लेखकाने ती 'ठाणे जिल्ह्यातली' म्हटली आहे, ती चूक नव्हे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा भाग ठाण्यातच मोडे. मात्र ठाणे शहरात मासुंदा तलावाकाठी असलेले चर्च ते हे नव्हे. दोन्ही संत योहान बाप्तिस्ताच्या नावाची, म्हणून घोटाळा होतो.

कोंडिवट्याची ही इगर्जी जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधली. पुढे १७३७ साली साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली; तरी इथली उपासना टिकली. ती थांबली १८४० मध्ये, गावात साथ आली तेव्हा. धर्मग्राम शेजारच्या मरोळला हलला आणि तिथे नवे चर्च शुभवर्तमानकार योहानाच्या नावाने उभे राहिले. संताचे नाव तेच, संत मात्र दुसरा. लेखक याला 'धर्मग्राम बुडाला' म्हणतो. माझ्या मते तो बुडाला नाही, त्याने बिऱ्हाड बदलले. ओस पडली ती वास्तू.

छप्पर गेले, भिंती राहिल्या. १९७३ पासून भोवती सिप्झची निर्यात वसाहत आहे, म्हणजे पासाशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, फाटक उघडते आणि जुन्या गावकऱ्यांचे वंशज उघड्या आभाळाखाली मिस्सा करतात. वाचकांनी जायचे तर त्याच दिवशी जावे.

— संपा.